हाळी देणाऱ्याचा श्वास

अ‍ॅडव्होकेट देवस्थळींनी टेबलावर एक लांबलचक कागद पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, प्रणिताताई. तुमचे मिस्टर सुटणार."

मी शाळामास्तरीण आहे. चांगली बातमी ऐकली की आधी ती तपासून बघायची, ही सवय वीस वर्षांच्या नोकरीने लावली आहे. मी विचारलं, "आणि हर्षद?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "हर्षदचे वकील वेगळे आहेत," त्या म्हणाल्या.

रुपेश माझा नवरा आणि हर्षद माझा धाकटा भाऊ. दोघांनाही एकाच खटल्यात, एकाच दिवशी, खून आणि खुनाच्या कटासाठी जन्मठेप झाली; दोघांना आत जाऊन तीन वर्षं होतील. म्हणजे माझं माहेर आणि सासर एकाच तुरुंगात आहे, एका फेरीत दोन्हीकडे जाऊन येते, असं मी शाळेत हसून सांगते. कुणी हसत नाही. हर्षद माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. तो सहा महिन्यांचा असताना बाबा समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत, आणि आई मासळी घेऊन बाजारात जायची, तेव्हा तो माझ्या कडेवर वाढला. मला मूलबाळ नाही. म्हणजे नाही असं लोक म्हणतात. मला हर्षद आहे.

खटला थोडक्यात सांगते. आमचं गाव धाकटी वेळ, रापणीचं गाव. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि चाळीस माणसांनी, बायकांसकट, मागे मागे सरकत ओढायचे. चाळीस माणसांनी आपापल्या मर्जीने ओढलं तर जाळं तसूभर हलत नाही. म्हणून एकजण हाळी देतो. वीस वर्षं आमच्या रापणीची हाळी रुपेशची होती. त्याचा आवाज वारा असला तरी दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा. मी त्या आवाजावरच भाळले होते, हेही सांगून टाकते.

अमर परब हा गावातलाच माणूस, पण उजेडवाल्या बोटींचा एजंट. या बोटी रात्री पाण्यात दिवे सोडून मासळी गोळा करतात आणि आमच्यासाठी शेवाळ ठेवतात. किनाऱ्यालगत यायची त्यांना बंदी; परब त्यांना आत घ्यायचा. एका बुधवारी अशी एक बोट आमच्या रापणीतूनच गेली आणि जाळं मधोमध फाटलं. गुरुवारी दुपारी मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या आमच्या झापाच्या शेडमध्ये, चौघं ते जाळं सांधत बसले: रुपेश, हर्षद आणि दोघे पेडणेकर भाऊ. शुक्रवारी सकाळी पेडणेकरांनी परबाला बोलणी करायला म्हणून होडीत घेतलं. रविवारी तो खडकांपाशी सापडला. पेडणेकरांना जेटीवर दोन साक्षीदारांनी पाहिलं होतं. त्यांची शिक्षा पक्की झाली, त्यांनी अपीलही केलं नाही आणि तोंडही उघडलं नाही.

परबाची मुलगी सान्वी तेव्हा माझ्या वर्गात होती, दुसरीत. आता पाचवीत आहे. अजून माझ्याच शाळेत येते, कारण गावात दुसरी शाळा नाही.

रुपेश आणि हर्षद शुक्रवारी होडीत नव्हते, जेटीवर नव्हते. त्यांना शिक्षा झाली ती मनगटावरच्या पट्ट्यामुळे. मोठ्या वादळानंतर सरकारने समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला 'सागरबंद' दिला. माणूस पाण्यात पडला तर कुठे आहे आणि जिवंत आहे का, हे त्या पट्ट्यावरून किनाऱ्याला कळतं. तो चोवीस तास हातावर नसला तर विमा मिळत नाही, म्हणून आमची माणसं आंघोळही तो घालूनच करतात. पट्टा काळजाचा प्रत्येक ठोका नोंदवतो आणि ती नोंद पाच वर्षं राहते.

आता या नोंदीत काय असतं, ते मला डॉक्टर नेन्यांनी समजावलं. ते आमच्या बाजूचे तज्ज्ञ. तरुण, हुशार, आणि वाळूत बूट घालून चालणारे. आपलं काळीज घड्याळासारखं सारख्या अंतराने पडत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित जलद होतात, सोडला की किंचित मंदावतात. कागदावर काढलं तर रेघ वर जाते, खाली येते. दोन माणसं एकाच गोष्टीत मनापासून गुंतली, एकत्र गायला लागली, एकच गोष्ट कान देऊन ऐकायला लागली, की त्यांच्या रेघा हळूहळू एकदमच वर-खाली व्हायला लागतात. हे फार वर्षांपासून माहीत होतं. नवीन काय, तर 'समस्पंद' नावाचं यंत्र. ते या रेघा ताडून माणसांची मनं किती जुळली होती याचा आकडा देतं. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण एकमत.

कटाच्या खटल्यात पोलिसांची नेहमी पंचाईत व्हायची. कट म्हणजे मनांचं एकमत, आणि ते कुणी स्टँपपेपरवर लिहून ठेवत नाही. समस्पंद आलं आणि पोलिसांना देव भेटला. गुरुवारी दुपारी मांगरातल्या एकतीस मिनिटांचा चौघांचा आकडा आला शून्य दशांश सत्त्याऐंशी. जिल्हा कोर्टाला तो पुरला.

अपिलाची कल्पना माझी होती. मी देवस्थळीबाईंना म्हटलं होतं, अहो, ही माणसं वर्षानुवर्षं एका दोराला लागलेली आहेत. ती जाळं सांधायला बसली काय आणि चहा प्यायला बसली काय, त्यांचे श्वास जुळणारच. त्यात कसला कट? बाईंना ते आवडलं. हा बचाव रुपेश आणि हर्षद दोघांसाठी होता. नेन्यांनी मूळ नोंदी मागवल्या, कारण जिल्हा कोर्टासमोर नुसती सरासरी आली होती. त्या नोंदींचाच कागद आता माझ्यासमोर होता.

"हे बघा," नेने म्हणाले. त्यांचं बोट चार रंगांच्या रेघांवरून सरकत गेलं. "इथपर्यंत चौघं बरोबर. चार वाजून बारा मिनिटांनी ही निळी रेघ सुटते. तीन रेघा वर, ही खाली. तीन खाली, ही वर. सलग नऊ मिनिटं. मग पुन्हा जुळते. निळी रेघ रुपेश गिरकरांची. समस्पंदच्या नियमपुस्तकात याला विसंवाद म्हणतात. ते तिघं ठरवत होते आणि हे विरोध करत होते! सरासरीत ती नऊ मिनिटं बुडून गेली होती."

"म्हणजे कट झालाच नाही असं आता आपण म्हणणार नाही," देवस्थळी म्हणाल्या. "कट झाला, पण आमचा माणूस त्यात नव्हता, असं म्हणणार. हे कितीतरी पक्कं आहे."

कट झाला. बाकी तिघांचा. त्या तिघांत हर्षद होता.

मी कागदाकडे बघत राहिले. हे यंत्र शिकलं होतं गार खोलीत खुर्च्यांवर बसून वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांवर. त्यातला कुणी कधी दोराला लागला नव्हता. मी लागले आहे. हाळी देणारा ओरडतो तेव्हा त्याचा श्वास बाहेर जातो आणि बाकी सगळे छाती भरून घेतात. मग बाकीचे ओढतात, त्यांचा श्वास बाहेर जातो, आणि तेवढ्यात तो पुढच्या हाळीसाठी आत घेतो. चाळीस माणसं एका बाजूला, एकटा तो उलटा. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, उलटा श्वास असतो तो विरोध करणाऱ्याचा नाही. तो ओढायला लावणाऱ्याचा.

पण मांगरात त्या दुपारी ओढायला जाळं नव्हतं. बसून सांधायचं होतं.

"काय झालं?" देवस्थळींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आनंद झाला."

*

चांगल्या वर्तनाच्या कैद्यांना तीन महिन्यांतून एकदा जाळीशिवाय भेट मिळते. आवारात बाकं आहेत, शिपाई लांब उभा असतो. रुपेश आला तो हसतच. तुरुंगातही त्याचे खांदे तसेच राहिले आहेत.

"वकिलीन सांगल्यान मगे तुका?" तो म्हणाला. "दोन म्हयन्यांत घराक येतंय बघ."

"तो कागद मी बघलंय," मी म्हटलं. "तिघांच्यो रेघो वर, तेवा तुमची खाली. मांगरात बसान तुमी कोणाक हाळी देत होतात?"

त्याचं हसू गेलं. त्याने आधी शिपायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान नाही म्हणेल. मी देवाकडे तेवढंच मागत होते.

"हळू बोल," तो म्हणाला.

"काय सांगलात तेंका?"

"परबाचो काय तो निकाल लावूक व्हयो, इतक्याच. पेडणेकर लगेच तयार झाले." तो हाताच्या घट्ट्यांकडे बघत होता. "हर्षद नाय म्हणत होतो. तेका समजावूक वेळ गेलो."

"नऊ मिनिटां."

"तू मोजलंस काय?"

"यंत्रान मोजल्यान."

"शेवटाक हो म्हटल्यान तो," रुपेश म्हणाला. "आपल्या तोंडान म्हटल्यान. मी काय तेचो गळो धरूक नाय होतो." मग तो जवळ सरकला आणि त्याचा आवाज खाली आला, तो कमावलेला, गरम आवाज. "आयक. दोघव भुतूर कुजण्यापरास एक भायर इलेलो बरो. मी भायर इलंय तर तेच्यासाठी दिल्लीपर्यंत जातलंय. तो भुतूर रवलो आणि मीय भुतूर रवलंय, तर तेका सोडवतलो कोण? तुझी आवस? तू शिकलेली असस, तुका कळाक व्हया."

मी मान डोलावली. खरं सांगते, मला ते पटलं. चांगली दोन-तीन मिनिटं पटलेलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून त्याचं ऐकते आहे, आणि मला त्याचा राग यायच्या आधी स्वतःची लाज वाटली. हर्षद तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तो नऊ मिनिटं टिकला होता.

हर्षदची भेट काचेपलीकडून झाली. तो वाळला आहे. त्याने आधी आईचे गुडघे विचारले, मग शाळा.

"भावजी सुटतले ना?" तो म्हणाला. "बरा झाला. आयेक घरात कोण तरी पुरुषमाणूस व्हयो."

"आणि तू?"

"ताय, हो मीच म्हटलंय ना."

"नाय म्हणत होतंस ना पण आधी?"

त्याने खांदे उडवले. "भावजी बोलूक लागले की तुका म्हायती असा," तो म्हणाला. मला माहीत होतं. कितीतरी वर्षांपूर्वी तालुक्याला केंद्रप्रमुख म्हणून माझी बढती आली होती, ती मी एका दुपारी नाकारली. आजही मला वाटतं की ते मी स्वतःच ठरवलं होतं.

*

हर्षदच्या वकील रेहाना मुकादम. सरकारकडून मिळालेल्या, वयाने देवस्थळींच्या निम्म्या, आणि सतत घाईत. मी त्यांच्यापुढे बसले आणि तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"नवऱ्याने तुम्हाला एकांतात काही सांगितलं असेल, तर ते माझ्यापाशीसुद्धा बोलू नका. नवरा-बायकोतलं बोलणं त्याच्या संमतीशिवाय कोर्टात येऊ शकत नाही. कायदा आहे तसा."

म्हणजे तीही वाट बंद. खरं काय ते मला माहीत होतं आणि ते सांगायला मला बंदी होती.

"मग रापणीबद्दल सांगू?" मी म्हटलं. "श्वास कोण कधी घेतो, ते? ते मला कुणी एकांतात सांगितलेलं नाही. ते वाळूवर सगळ्यांसमोर चालतं."

मी सांगितलं. मुकादमबाईंची घाई थांबली. त्यांनी कागदावर रेघा काढून पाहिल्या.

"हे आलं तर 'रुपेश विरोध करत होते' हा मुद्दा कोसळतो," त्या म्हणाल्या. "आणि आपला जुना मुद्दा उभा राहू शकतो, की यंत्र मन वाचत नाही, रापण वाचतं. हर्षदला त्याचा फायदा. पण सरकारी वकील उलटून म्हणू शकतात की उलटी रेघ म्हणजे म्होरक्या. मग तुमचे मिस्टर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "विचार करून सांगा."

"केलाय," मी म्हटलं.

घरी आईला सांगितलं की हर्षदसाठी साक्ष देणार आहे. शिक्षा झाल्यापासून आई माझ्याकडेच राहते. ती तांदूळ निवडत होती. "दोघांका आण," ती म्हणाली. "तुझो घोव नाय इलो तर लोक म्हणतले, भावासाठी घोवाक सोडल्यान. हर्षद नाय इलो तर मी म्हणतलंय, घोवासाठी भावाक सोडल्यान." आणि पुन्हा तांदळात खडे शोधायला लागली. आईने न्यायमूर्तींपेक्षा कमी वेळात निकाल दिला होता.

*

हायकोर्टाचं खंडपीठ घाटावर. आमच्या गावापासून गाडीने चार तास. अपिलात सहसा नवीन साक्षीदार घेत नाहीत, पण यंत्राचा प्रश्न राज्यभरच्या खटल्यांना लागू होता, म्हणून कोर्टाने माझी साक्ष ऐकायचं ठरवलं. देवस्थळींनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. रुपेश आणि हर्षद एका बाकावर, मध्ये पोलीस. मागच्या रांगेत परबाची बायको स्मिता बसली होती. तारखेला ती एकटीच यायची, डबा घेऊन.

मी शपथ घेतली आणि पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सगळं सांगितलं. हाळी, श्वास आत, श्वास बाहेर. दोन्ही न्यायमूर्तींना मी हात पुढे धरून दोर ओढूनही दाखवला. थोरल्या न्यायमूर्ती बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नकळत माझ्याबरोबर श्वास घेतला, तेव्हा मला कळलं की त्यांना समजलं आहे.

सरकारी वकील उठले. त्यांचा चेहरा फुलला होता. "म्हणजे साक्षीदारांच्याच मते, निळी रेघ ही हुकूम देणाऱ्याची आहे. आरोपी क्रमांक तीन, रुपेश गिरकर, हा कटाला विरोध करत नव्हता, तर कट घडवत होता. आणि बाकीचे तिघे त्याला साथ देत होते. आमचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?"

कोर्टात कुजबुज झाली. मी रुपेशकडे पाहिलं नाही. मी जे सांगितलं होतं त्याने तो आत अडकला होता, आणि त्याच्याबरोबर हर्षदही. एवढी धडपड करून मी दोघांनाही जिथल्या तिथे ठेवलं होतं.

न्यायमूर्ती बाईंनी हाताने कुजबुज थांबवली. "मला साक्षीदारांना एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "हा उलटा श्वास फक्त हाळी देताना असतो? की ती सवयच होऊन जाते? म्हणजे घरी, जेवताना, साध्या गप्पा मारतानासुद्धा तुमच्या पतींचा श्वास चारचौघांहून उलटा चालतो का?"

प्रश्न साधा होता. तो तुरुंगात जाईपर्यंत मी अठरा वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपले. जेवताना तो आपल्यासारखाच श्वास घेतो. गप्पा मारताना, आजारी असताना, झोपेत, आपल्यासारखाच. उलटा श्वास येतो तो एकाच वेळी, त्याला कुणाकडून काही करून घ्यायचं असतं तेव्हा. अठरा वर्षांत मी तो घरात चार वेळा पाहिला आहे.

म्हणजे खरं उत्तर होतं, नाही. आणि नाही म्हटलं की त्या नऊ मिनिटांना अर्थ उरत होता. रुपेश आत राहिला असता. बरोबर त्याच्यामागे हर्षद राहिला असता. स्मिता परब डब्याचं झाकण धरून बसली होती. तिला या उत्तराचा हक्क होता. त्या सबंध कोर्टात तिच्याइतका कुणालाच नव्हता.

हो म्हटलं, तर रेघ म्हणजे नुसती सवय. मग तिच्यात नकार नाही, हुकूम नाही, होकारही नाही. दोघंही सुटतात.

हर्षद पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याने वर पाहिलं असतं तर कदाचित मला जमलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "कायमच."

"कायम?"

"जेवताना, बोलताना. झोपेतसुद्धा. मला पहिली काही वर्षं झोप लागायची नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्तीही हसल्या. मीसुद्धा हसले, कारण हसायला हवं होतं. त्या हशात, मग बाकीची बावीस मिनिटं तीच रेघ जुळलेली कशी, हे कुणी विचारलं नाही, आणि पट्ट्याच्या घरातल्या नोंदीही कुणी मागवल्या नाहीत. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की खोटं बोलताना माणूस अडखळतो. मी कुठेच अडखळले नाही.

*

निकाल तीन आठवड्यांनी लागला. जी रेघ नियमपुस्तकाच्या मते नकार आहे, साक्षीदाराच्या मते नेतृत्व आहे, आणि जेवणाच्या ताटावरही तशीच राहते, त्या रेघेवर कुणाची जन्मठेप उभी करता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. पुराव्याअभावी दोघेही निर्दोष. समस्पंदचा वापर राज्यात थांबवला गेला. शाळामास्तरणीने यंत्राला खोटं पाडलं, असं पेपरात फोटोसकट आलं. यंत्राला त्या रेघेचा अर्थ लागला नव्हता हे खरंच आहे. पण मांगरात जे झालं ते त्याने ठोक्याठोक्याने टिपलं होतं, आणि आता त्या कागदाला कुणी विचारणार नव्हतं.

त्याच दुपारी दोघांना सोडलं. मी भाड्याची गाडी घेऊन गेले होते. मागच्या सीटवर रुपेश खिडकीशी, हर्षद दुसऱ्या खिडकीशी, मध्ये मी. घाट उतरायला लागलो तसा दमट वारा आत आला आणि रुपेशने डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. मला तीन वर्षं सोसलेला त्याचा विरह आठवला आणि त्याच्या खांद्याचा स्पर्श नकोसा झाला. सरकायला जागा नव्हती.

"झोपेत सुदां?" तो हळूच म्हणाला आणि हसला.

मी समोरच्या काचेतून घाटाकडे बघितलं.

"माका अडकवूक इलं होतंस तू कोर्टात," तो म्हणाला. रागाने नाही, सहज, हवापाण्यावर बोलावं तसं. "आणि सोडवन गेलंस."

"मी हर्षदाक सोडवलंय."

"ता कळला माका. माझो राग नाय. पण एक ध्यानात ठेव. आता तू पण आमच्यातलीच. कोणाक काय सांगूक गेलंस, तर आधी कोर्टात शपथ घेवन खोटा कित्याक बोललंस, ता सांगूचा पडतला. आणि मगे हर्षद परत भुतूर."

"भावजी, पुरे," हर्षद खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"अरे, मी वायट काय बोलतंय? आपल्या कुटुंबाचा म्हणान बोलतंय."

रुपेशने मान मागे टेकली आणि थोड्या वेळाने त्याला डुलकी लागली. त्याचा श्वास शांत, सरळ चालला होता, माझ्यासारखाच. मी हर्षदच्या हातावर हात ठेवला. गाडी चालवणाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "तू मुंबैक जा. गोदीत नायतर खंयव काम बघ. मी आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या भावाक सांगान ठेवलंय. हय रव नको. आयेक मी बघतंय."

त्याने हात काढून घेतला नाही. पण आधी झोपलेल्या रुपेशकडे पाहिलं.

"भावजी नवी रापण उभी करतत," तो म्हणाला. "तुरुंगातच ठरला आमचा. सोमवारपासून माका येवक सांगल्यानी."

"आणि तू काय सांगलंस?"

"हो म्हटलंय."

सोमवारी माझी शाळा. हजेरीत सान्वी परब अकरावी. पहिल्या तासाला मी तिचं नाव घेणार आणि ती हजर म्हणणार, ती पाचवीतून बाहेर पडेपर्यंत, आणि नंतर तिचा धाकटा भाऊ पहिलीत येणार. खोटं एकदाच बोलावं लागतं असं मला वाटलं होतं.

घराशी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यावर तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तीन वर्षांत ती इतकी ताठ उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तिने आम्हाला ओळीत उभं केलं, मला मध्ये, आणि तुकडा तिघांवरून एकदमच ओवाळून लांब फेकला. पायांवर पाणी घातलं. रुपेशच्या गालावरून हात फिरवला, हर्षदला छातीशी धरून रडली, मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "दोघांका हाडलंस गो बाय," ती म्हणाली. "माझा सगळा मिळाला माका."

आम्ही आत गेलो. तिने मागून दाराची कडी लावली, कारण शेजारपाजारचे बघायला जमायला लागले होते.

"आता तिघांनी हयसरच रवायचा," आई म्हणाली. "कोण खंय जाव नकात."

"खंय जातलव, आये?" रुपेश म्हणाला.

"नाय," हर्षद म्हणाला.

आई माझ्या उत्तरासाठी थांबली होती. तिघंही थांबले होते.

"मी खंय जावचंय नाय," मी म्हटलं.